संशोधनपर लेखाची चिकित्सा कशी करावी? – 'दोन ज्ञानेश्वर' वादाच्या आधारे एक पाठ



नवीन शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या वर्गांत संशोधन प्रकल्पाला महत्त्व आलं आहे. मराठी विषय घेतलेल्या मुलांना "एका संशोधनपर लेखाचे चिकित्सक परीक्षण करा" असं काम मिळतं. पनवेल परिसरातली अशी काही मुलं वही घेऊन माझ्याकडे येतात. त्यांच्या वहीत बहुतेक वेळा दोनच प्रकार दिसतात. एक तर लेखाचा सारांश असतो, तोही लेखकाच्याच वाक्यांत. नाहीतर "लेख अभ्यासपूर्ण आहे, भाषा ओघवती आहे, लेखकाने भरपूर संदर्भ दिले आहेत" असं प्रशस्तिपत्र असतं. यात मुलांचा फारसा दोष नाही. शाळेत रसग्रहण शिकवताना आपणच त्यांना 'काय आवडले' एवढंच विचारत आलो. पण संशोधनपर लेख ही कविता नव्हे. तो वाचकाला काहीतरी पटवून द्यायला बसलेला असतो. मग त्याला विचारायचा प्रश्नही वेगळा: तू जो निष्कर्ष काढतोस, तो तू दिलेल्या पुराव्यावरून खरंच निघतो का?

हे शिकवण्यासाठी मी एखादा ताजा लेख न घेता सव्वाशे वर्षांपूर्वीचा एक वाद घेते. त्यातला विषय प्रत्येक मराठी घराला माहीत आहे, दोन्ही बाजूंचे मुद्दे अभ्यासकांनी वारंवार मांडलेले आहेत, आणि मुख्य म्हणजे या वादात कुणाचीही बाजू ऐकताना आपलं मन आधीच ठरलेलं असतं. चिकित्सा शिकायला अशीच जागा हवी.

वाद काय होता?

१८९८-९९ या काळात 'सुधारक' पत्रात 'भारद्वाज' या टोपणनावाने एक लेखमाला आली. लेखकाचं खरं नाव शिवराम एकनाथ भारदे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: ज्ञानेश्वरी लिहिणारे ज्ञानेश्वर आणि विठ्ठलभक्तीचे अभंग रचणारे ज्ञानेश्वर ही एकच व्यक्ती नाही, ते दोघे वेगळे आहेत. त्यांचे मुख्य आधार असे होते. ज्ञानेश्वरीत विठ्ठलाचा, पंढरीचा उल्लेख नाही, अभंग मात्र विठ्ठलाने भरलेले आहेत. ज्ञानेश्वरीची भाषा जुनी आहे, अभंगांची त्यामानाने अर्वाचीन वाटते. ज्ञानेश्वरीचा पिंड नाथपंथी, शैव वळणाचा आहे, अभंगांचा वैष्णव. आणि समाधी आळंदीला आहे, तशी पैठणजवळच्या आपेगावलाही दाखवतात.

महाराष्ट्रात खळबळ उडाली. उत्तरं आली, प्रत्युत्तरं आली. पुढे रा. द. रानडे यांच्यासारख्या तत्त्वज्ञाच्या अभ्यासकानेही १९३३ साली महाराष्ट्रातल्या संतांवर लिहिलेल्या इंग्रजी ग्रंथात हा प्रश्न विचारात घेतला आणि ज्ञानदेव एकच असा कौल दिला. आज बहुतेक अभ्यासक एकाच ज्ञानेश्वरांना मानतात. पण मुलांना मी हा शेवट आधी सांगत नाही. सांगितला की विचार बंद होतो. "शेवटी तो चुकलाच ना, मग कशाला वाचायचं?" असं म्हणून वही मिटते.

लेख कुठे आला, कुणी लिहिला?

हा पहिला प्रश्न सगळे विचारतात, आणि बरेच जण इथेच निकाल देऊन टाकतात. 'सुधारक' आगरकरांनी १८८८ साली सुरू केलं. ही लेखमाला आली तेव्हा आगरकर हयात नव्हते, ते १८९५ मध्ये गेले. पण पत्राची ओळख सुधारकी हीच होती. मग एक मुलगा लगेच म्हणतो, "म्हणजे संतांना कमी लेखायलाच लिहिलं असणार." दुसरी म्हणते, "टोपणनावानं लिहिलंय, म्हणजे घाबरत होता."

दोन्ही शक्य आहे, पण त्यातून मुद्दा खोटा ठरत नाही. लेखकाचा कल कळला तर आपण कुठे जास्त सावध राहायचं ते कळतं, एवढाच त्याचा उपयोग. शिवाय तेव्हा मराठीत साहित्य-इतिहासाचं संशोधन छापायला वेगळी जागा फारशी नव्हती. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळसुद्धा १९१० सालचं. त्यामुळे वर्तमानपत्रात आलं म्हणून हलकं, असंही म्हणता येत नाही. आजच्या मुलांना उलट बाजूने सांगावं लागतं: नियतकालिकाला मान्यता क्रमांक आहे, शेवटी चाळीस संदर्भ आहेत, म्हणून लेख आपोआप जड होत नाही.

अनुल्लेख हा पुरावा असतो का?

पाठाचा सगळ्यात रंगणारा भाग हा. 'ज्ञानेश्वरीत विठ्ठल नाही, म्हणून हा लेखक विठ्ठलभक्त नव्हे.' वर्गात यावर पटकन उत्तर येतं: ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीका आहे, तिथे कृष्ण अर्जुनाशी बोलतोय, विठ्ठलाचा संबंध काय? गणिताच्या पुस्तकात आजोबांचं नाव नाही म्हणून लेखकाला आजोबा नव्हते असं म्हणायचं का?

उत्तर छान आहे, टाळ्याही मिळतात. पण मी तिथे थांबू देत नाही. गप्प राहणं हा पुरावा कधी ठरतो? जिथे बोलण्याची संधी होती आणि तरी माणूस बोलला नाही, तिथे. मग ज्ञानेश्वरीत लेखकाला स्वतःचं बोलायची संधी होती का? होती, आणि भरपूर होती. तो गणेशाला, शारदेला वंदन करतो. गुरूंची स्तुती अध्यायामागून अध्याय करतो. श्रोत्यांशी लाडाने बोलतो, मराठी भाषेचं कौतुक करतो. शेवटी ग्रंथ कुठे झाला, राजा कोण होता, आपली नाथपंथी गुरुपरंपरा कोणती, हे सगळं सांगतो. इतक्या मोकळ्या जागा असताना विठ्ठलाचं नाव नाही, म्हणजे भारद्वाजांच्या मुद्द्यात काहीतरी वजन आहे. 'ही तर टीका आहे' एवढं म्हणून तो उडत नाही.

आता पुढची पायरी. वजन आहे, पण ते कशाच्या बाजूने? त्या मौनाचे किमान तीन अर्थ लागतात. एक, लेखक वेगळा. दोन, लेखक तोच, पण ग्रंथ लिहिताना त्याच्या मनात गुरू आणि नाथपरंपरा पुढे होती, पंढरीशी जवळीक नंतर आली. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे इसवी सन १२९० ची. परंपरेनुसार तेव्हा ते पंधरा-सोळा वर्षांचे होते आणि आळंदीची समाधी १२९६ ची. मधे नामदेवांबरोबरची तीर्थयात्रा झाली. तीन, लेखकाला कृष्ण आणि विठ्ठल वेगळे वाटतच नव्हते, म्हणून वेगळं नाव घेण्याची गरज पडली नाही. एका मौनातून तीन वाटा फुटतात आणि भारद्वाज त्यातली एकच धरतात. चिकित्सेत पकडायची जागा ही. त्यांनी पुरावा खोटा दिलेला नाही. त्या पुराव्याचे बाकीचे अर्थ त्यांनी रद्द करून दाखवलेले नाहीत.

आणि तरी इथे बचाव करणाऱ्यांनाही सुटका नाही. 'तीर्थयात्रेनंतर विठ्ठलभक्ती वाढली' हे आपल्याला कशावरून कळतं? मुख्यतः नामदेवांच्या नावावरच्या अभंगांवरून. म्हणजे अभंग ज्ञानेश्वरांचे की नाहीत हे ठरवायला आपण दुसऱ्या अभंगांची साक्ष काढतोय, आणि ते अभंगही तोंडातोंडी आलेले. नामदेवांच्या नावाखाली तर विष्णुदास नामा या नंतरच्या कवीची रचनाही मिसळली आहे, हे अभ्यासकांना ठाऊक आहे. साक्षीदाराचीच ओळख पटवायची बाकी असेल, तर त्याच्या साक्षीवर किती टेकायचं?

भाषेवरून वय काढणं

भाषेचा मुद्दा ऐकायला शास्त्रीय वाटतो, म्हणून मुलांना तो सगळ्यात पक्का वाटतो. जगात याची मोठी उदाहरणं आहेतही. १४४० मध्ये लॉरेन्झो व्हाला या इटालियन पंडिताने पोपकडे असलेलं एक दानपत्र खोटं असल्याचं दाखवलं. ते सम्राट कॉन्स्टंटाइनने दिलेलं म्हणून मिरवलं जात होतं, पण त्यातले लॅटिन शब्द त्या काळाचे नव्हतेच. भाषेने चोरी पकडून दिली.

मग अभंगांच्या भाषेने का पकडून देऊ नये? कारण दानपत्र हा कागद होता. कुणीतरी तो एकदा लिहिला आणि त्याचा दावाच 'मी त्या काळी असाच लिहिला गेलो' असा होता. अभंग कागदावर नव्हे, गळ्यात राहिला. गळ्यातला शब्द दर पिढीत थोडा घासतो. वर्गात मी गणपतीच्या आरतीतला 'फणिवरबंधना' हा शब्द विचारते. निम्मी मुलं 'फळीवर वंदना' म्हणतात, आणि शपथेवर म्हणतात! अर्थ कळला नाही की तोंड ओळखीचा शब्द बसवून घेतं. आता कुणी ही 'फळीवर'ची प्रत हाती घेऊन आरतीचा काळ ठरवायला बसला तर?

याच ठिकाणी गेल्या वर्षी एक वेगळी गोष्ट घडली. एका विद्यार्थिनीचे वडील मला भेटायला आले. मूळचे घाटावरचे, आता कामोठ्यात राहतात, आषाढीची वारी चुकवत नाहीत. आवाज शांत होता, पण दुखावलेला. "मॅडम, तुम्ही पोरांना माउलींवर शंका घ्यायला शिकवताय का?" मी त्यांना लेखमालेचे मुद्दे जसेच्या तसे सांगितले आणि विचारलं की यावर तुमचं उत्तर काय. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्या भजनात जे अभंग म्हणतो ना, ते छापील गाथेशी शब्दाला शब्द जुळत नाहीत. आमचे बुवा वेगळं म्हणायचे, त्यांच्या गुरूंनी तसंच दिलेलं." मी त्यांना म्हटलं, दादा, हे तुम्ही वर्गात येऊन सांगाल का? आले. टाळ घेऊन आले. एकच अभंग दोन चालींत आणि दोन पाठांत म्हणून दाखवला. मौखिक परंपरा म्हणजे काय हे मला तासभर फळ्यावर सांगून जमलं नसतं, ते दहा मिनिटांत झालं.

पण गंमत पुढेच आहे. ते गेल्यावर एका मुलीने विचारलं, "मॅडम, शब्द एवढे बदलतात, तर अख्खा अभंगच नवीन करून त्यात 'ज्ञानदेव म्हणे' घातलं तर कळणार कसं?" प्रश्न अचूक होता. मुखातून येण्याचा मुद्दा दोन्हीकडे कापतो. जुना अभंग नवा वाटू शकतो, हे खरं. म्हणून नवा वाटणारा प्रत्येक अभंग जुनाच, हे मात्र सिद्ध होत नाही. अभंगाच्या शेवटची नाममुद्रा म्हणजे आजच्या पुस्तकावरच्या लेखकाच्या नावासारखी गोष्ट नव्हे. अमेरिकेतल्या जॉन स्ट्रॅटन हॉली यांनी १९८८ च्या एका लेखात उत्तरेतल्या भक्तिकाव्याबद्दल हेच दाखवलं आहे: पदात सूरदासाचं नाव येतं ते 'हे मी लिहिलं' एवढंच सांगायला नव्हे, तर त्या नावाचा अधिकार पदाला मिळावा म्हणूनही. ख्रिश्चन नोव्हेट्स्की यांनी नामदेवांवरच्या २००८ च्या ग्रंथात कीर्तनपरंपरेच्या अंगाने हाच प्रश्न उलगडला आहे. आपल्याकडच्या वादाला हे उपयोगी पडतं, कारण 'लेखक एक की दोन' या प्रश्नात आपण लेखक ही कल्पनाच आजची धरून चाललो होतो.

आता ज्ञानेश्वरीची बाजू. तिची भाषा 'जुनी' आहे म्हणताना आपण कुठली ज्ञानेश्वरी धरतो? एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, प्रती जमवून पाठ शुद्ध केला आणि यापुढे कुणी त्यात आपली ओवी घालू नये असं बजावलं. मूळ ग्रंथानंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी. बजावावं लागलं, यावरूनच लोक ओव्या घालत होते हे उघड आहे. पुढे वि. का. राजवाडे यांनी बीडकडे मिळालेल्या पोथीवरून १९०९ मध्ये ज्ञानेश्वरीचा वेगळा, अधिक जुन्या वळणाचा पाठ छापला आणि तिच्या भाषेचं व्याकरणही लिहिलं. (राजवाडे आपल्याच रायगड जिल्ह्यातले, पेणजवळच्या वरसईचे. 'माझा प्रवास' लिहिणारे गोडसे भटजीही तिथलेच. मुलांना हे सांगितलं की एकदम सरसावून बसतात.) भारद्वाजांची लेखमाला त्याआधी दहा वर्षांची. म्हणजे ज्या दोन गोष्टींची भाषा तुलनेला घेतली, त्यातली एक तीनशे वर्षांनी पंडिताच्या हाताने निगुतीने सांभाळलेली आणि दुसरी टाळ-मृदंगाच्या गजरात वाहत आलेली. तुलना करायला हरकत नाही. पण एकीची जपणूक आणि दुसरीचा प्रवास हिशोबात न धरता थेट वय काढणं, ही पद्धतीतली चूक आहे. माझ्या मते लेखमालेचा सगळ्यात कच्चा दुवा हाच.

मोठ्या मुलांना इथे एक काम देते: अभंगात यमकाच्या जागी आलेले शब्द वेगळे काढा. मधला शब्द बदलणं सोपं असतं, यमकाचा बदलला तर जोडीचाही बदलावा लागतो. तिथे जुनं रूप टिकण्याची शक्यता जास्त. यातून निकाल लागत नाही, पण पुराव्याकडे बारकाईने पाहायची सवय लागते.

शैव-वैष्णव मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. त्यात दोन कप्पे आधी आपण आखतो आणि मग माणूस दोन्हींत सापडला की माणसाचेच दोन तुकडे करतो. 'अमृतानुभव' शिव-शक्तीच्या भाषेत बोलतो, ज्ञानेश्वरी कृष्णाच्या मुखाने बोलते, तरी परंपरेने ते दोन्ही ग्रंथ एकाच हातचे मानले आहेत. समाधीच्या मुद्द्याचंही तसंच. एकाच सत्पुरुषाची स्मारकं दोन गावांत असणं आपल्याकडे नवल नाही, आणि आपेगाव तर त्यांच्या पूर्वजांचं गाव.

उत्तर देणाऱ्यांनाही हीच फूटपट्टी

मुलं बहुतेक वेळा इथे कमी पडतात. भारद्वाजांचे दोष हौसेने काढतात, पण त्यांना उत्तर देणाऱ्यांचा लेख दिला की पेन थांबतं. एक ठरलेलं उत्तर असं असतं: ज्ञानेश्वरी आणि अभंग यांत विचार सारखे आहेत, दृष्टांत सारखे आहेत, गुरू निवृत्तिनाथच आहेत, म्हणून कवी एक. पटतं ना? पण वारकऱ्यांच्या घरांत ज्ञानेश्वरीची पारायणं पिढ्यान्‌पिढ्या होत आली. ज्याने लहानपणापासून ती ऐकली, तो पुढे अभंग रचायला बसला तर ज्ञानेश्वरीतलेच दृष्टांत त्याच्या तोंडी येणार. साम्य एकाच कवीमुळे येतं, तसं चांगल्या शिष्यामुळेही येतं. जसा भारद्वाजांच्या मौनाला दुसरा अर्थ होता, तसा या साम्यालाही आहे.

आणि 'लाखो लोकांची श्रद्धा आहे' हे उत्तर? त्याला मी वर्गात हसू देत नाही. ती श्रद्धा खरी आहे, आणि या अभंगांना आजवर जिवंत ठेवणारी तीच आहे. पण 'हे कुणी रचलं' या प्रश्नाचं ते उत्तर होत नाही. ते वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर आहे.

वहीत काय हवं?

मी मुलांना पान उभं तीन भागांत दुमडायला सांगते. पहिल्या रकान्यात लेखकाने दिलेला पुरावा, फक्त पुरावा, विशेषणं नकोत. दुसऱ्यात लेखकाने त्यावरून काढलेला अर्थ. तिसऱ्यात त्याच पुराव्याचा आणखी कोणता अर्थ लागू शकतो. पहिला आणि दुसरा रकाना वेगळा करणंच मुलांना जड जातं. 'ज्ञानेश्वरीत विठ्ठलाचा उल्लेख नाही' हा पुरावा आणि 'ज्ञानेश्वर विठ्ठलभक्त नव्हते' हा अर्थ, हे दोन्ही पहिल्याच रकान्यात लिहून मोकळी होतात. हे एकदा सुटं करता आलं की निम्मं काम झालं. पालकांनी हे घरी एखाद्या व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या 'संशोधनातून सिद्ध झाले आहे' छापाच्या मजकुरावर करून बघायला हरकत नाही. आठवीतलं मूलही करतं.

गुण देताना निष्कर्ष कुठला काढला याला मी गुण ठेवत नाही. यंदा एकाने लिहिलं, दोन ज्ञानेश्वर होते हे भारद्वाजांना सिद्ध करता आलेलं नाही. एकीने लिहिलं, एकच ज्ञानेश्वर आणि सगळे अभंग त्यांचेच, हेही उत्तर देणाऱ्यांना सिद्ध करता आलेलं नाही, बहुधा कवी एक आणि त्यांच्या नावाने गाणारे पुष्कळ असावेत. तिच्या तिसऱ्या रकान्यात नऊ नोंदी होत्या, त्याच्या चार. तिला मी दहापैकी नऊ दिले. एक गुण कापला, कारण 'पुष्कळ' कशावरून हे तिने लिहिलं नव्हतं. ती भांडायला आली आणि विष्णुदास नाम्याचं उदाहरण घेऊन आली. मी म्हटलं, ते नामदेवांचं झालं, ज्ञानदेवांच्या अभंगांत असं कुठे दिसतं ते दाखव. सध्या ती वाचनालयात गाथेच्या दोन आवृत्त्या समोर ठेवून यमकं मोजत बसली आहे.